पीएसपीवर होमब्रू टाकताना या चुका टाळा

सुट्ट्यांत भाचेमंडळी भुसावळला आली की माळ्यावरचं काहीतरी खाली येतंच. यंदा पीएसपी-३००० आला, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या गेम मशिनचं एक मॉडेल. "मामा, यात होमब्रू टाकून दे ना." होमब्रू म्हणजे हौशी लोकांनी स्वतः लिहिलेले प्रोग्राम. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्यांचे बरेच पीएसपी माझ्या हातून गेलेत, आणि बिघडलेल्यांत सॉफ्टवेअरचा दोष क्वचितच होता. घाई होती, बॅटरी होती, नाहीतर कार्ड होतं.

आधी बॅटरी बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली बॅटरी फुगते. मागचं झाकण नीट बसत नसेल किंवा वर उचललेलं दिसत असेल तर ती बॅटरी काढा आणि पुन्हा चार्ज करू नका. नवी घ्या. बॅटरी नुसती हवी म्हणून नाही: अधिकृत फर्मवेअर (मशिन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) चढवताना पीएसपी बॅटरीत पुरेसा चार्ज आणि जोडलेला चार्जर, दोन्ही मागतो. ते बरंच आहे. लाईट गेली तर बॅटरीवर काम पूर्ण होतं. अर्धवट लिहिलं गेलेलं फर्मवेअर म्हणजे मशिन ब्रिक, विटेसारखं निकामी. १००० आणि सुरुवातीच्या २००० मॉडेलना पँडोरा बॅटरीने (मशिन दुरुस्तीसाठी सुरू करणारी खास बॅटरी) परत उठवता येतं, ३००० ला ती साधी युक्ती चालत नाही. म्हणून मॉडेल न बघता कुठल्यातरी व्हिडिओमागे जाऊ नका. बॅटरीच्या खोबणीतलं स्टिकर वाचा, आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये आवृत्ती बघा. ६.६१ हे २०१५ साली आलेलं शेवटचं अधिकृत फर्मवेअर. बहुतेक कस्टम फर्मवेअर, म्हणजे होमब्रू चालू देणारी हौशींनी बदललेली फर्मवेअर, त्यावरच बसतात.

"काल होमब्रू चालत होतं, आज ८००२०१४८ ही एरर दाखवतंय" ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली आहे. काहीही बिघडलेलं नसतं. ३००० वर ६.६१ प्रो हे कस्टम फर्मवेअर नुसतं टाकलं तर कायमचं बसत नाही. पॉवरची पट्टी क्षणभर सरकवली तर मशिन झोपतं आणि सगळं टिकतं. पट्टी धरून ठेवून पूर्ण बंद केलं, किंवा जुनी बॅटरी मध्येच संपली, की कस्टम फर्मवेअर मेमरीतून जातं. ते परत सुरू करणारा फास्ट रिकव्हरी हा प्रोग्राम पुन्हा चालवा, झालं. रोज तो खटाटोप नको असेल तर मशिन बंद केल्यावरही कस्टम फर्मवेअर टिकवणारं इन्फिनिटी टाका. पण १००० साठीचा कायमस्वरूपी फ्लॅशर (कस्टम फर्मवेअर मशिनमध्ये कायमचं लिहिणारा प्रोग्राम) ३००० वर चालवून बघण्याचा मोह मुळीच नको.

कार्डाचं दुखणं वेगळं. बाजारात ३२ जीबी लिहिलेली नकली मेमरी स्टिक (पीएसपीचं कार्ड) सर्रास मिळते. थोडं भरेपर्यंत ठीक चालते, मग फाइली खराब. घेतल्या दिवशीच एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. मी एका मायक्रोएसडीचा साधा अडॅप्टर वापरतो. दोन कार्डांच्या अडॅप्टरमध्ये डेटा दोन्हींवर वाटला जातो, त्यामुळे एक कार्ड गेलं की सगळंच गेलं. कार्ड कॉम्प्युटरवर न करता पीएसपीतच फॉरमॅट करा, म्हणजे फोल्डर आपोआप तयार होतात.

होमब्रू दिसतच नसेल तर झिप उघडताना फोल्डरात फोल्डर झालंय का बघा. गेम फोल्डरच्या आत प्रोग्रामचं एकच फोल्डर हवं, आणि त्यात थेट ईबूट, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारी फाइल.

गेमच्या चोरलेल्या प्रती मी टाकून देत नाही, ओळखीतल्यांनाही नाही. जुन्या मशिनवर हौशी लोकांनी मन लावून लिहिलेले प्रोग्राम चालताना बघण्यात मला जास्त आनंद आहे.

एका चुकीचं मात्र मला अजून वाईट वाटतं. पहिल्यांदा एका पोराचं कार्ड मी न विचारता फॉरमॅट केलं. त्याच्या मोठ्या भावाने शाळेत असताना खेळलेल्या गेमचे सेव्ह त्यात होते, आणि तो आता नोकरीसाठी दूर असतो. तेव्हापासून मशिन हातात आलं की यूएसबी जोडून आधी सेव्हडेटा फोल्डर कॉपी करतो, आणि ते दुसऱ्या मशिनवर किंवा एम्युलेटरवर (पीएसपीची नक्कल करणारा प्रोग्राम) उघडतंय का ते बघतो. मगच फॉरमॅट.