पडलेला शेअर फिरायलाय का, व्हॉल्यूमवरून कसं हुडकायचं

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा ज्यानं बघितलाय त्याला व्हॉल्यूम येगळा शिकवायची गरज नाही, आवक म्हणजेच व्हॉल्यूम. दिवाळीच्या तोंडावर आवक दणकून वाढते, भाव पडतो, त्यात नवल काय. नवल कधी, तर आवक दुप्पट झाली तरी भाव जागचा हलंना तेव्हा, म्हणजे कोणतरी गुपचूप माल उचलायलंय. शेअरमधी व्हॉल्यूम म्हणजे दिवसभरात किती शेअरचे सौदे झाले तो आकडा, आपल्याला एवढंच बघायचंय.

मी चार्टइंक या वेबसाइटवर स्कॅन लावतो, म्हणजे अटी टाकायच्या आन् त्यात बसणाऱ्या शेअरची लिस्ट मिळती, फुकटात होतं, साडेतीनला मार्केट बंद झाल्यावर निवांत संध्याकाळी. चालू मार्केटमधी हा डेलीचा स्कॅन लावू नका, व्हॉल्यूम अर्धाच असतोय आन् क्लोज, म्हणजे दिवसाचा बंद भाव, कुठं येईल काही सांगता येत नाही.

ग्रुप निफ्टी ५०० चाच घ्या, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरल्या (एनएसई) मोठ्या ५०० कंपन्यांची यादी, नाहीतर पेनी स्टॉक, म्हणजे चिल्लर भावाचे शेअर, येऊन डोकं खातेत. पहिली अट, आजचा क्लोज २० दिवसांपूर्वीच्या क्लोजपेक्षा निदान १० टक्के खाली, कारण जो पडलाच नाही तो फिरणार कुठून. मग आजचा व्हॉल्यूम २० दिवसांच्या सरासरीच्या दुप्पट किंवा जास्त, पण सरासरी कालपर्यंतची घ्या बरं का, हे बरेच जण चुकतेत, आजचा मोठा आकडा आत घुसला की सरासरीच फुगते. क्लोज दिवसाच्या हाय-लोच्या मधल्या भावाच्या वर पाहिजे. आणि १४ दिवसांचा एमएफआय काल ३० च्या खाली, आज कालच्यापेक्षा वर. एमएफआय म्हणजे मनी फ्लो इंडेक्स, आरएसआयचाच भाऊ, व्हॉल्यूमचं वजन घालून काढलेला; दोन्ही ० ते १०० मधी असतेत, आकडा जितका खाली तितकी विक्री जास्त झालेली. नेहमीची लेव्हल २० ची, पण २० ठेवलं की लई दिवस लिस्ट रिकामीच, म्हणून माझी ३०.

आता समजा एक नाव आलं. महिन्याभरात ४५० वरून पडलेला शेअर, रोजचा सरासरी व्हॉल्यूम ४ लाख, आज १३ लाख. लो ३८८, हाय ४०४, क्लोज ४०२. चायकिन मनी फ्लो, म्हणजे व्हॉल्यूम खरेदीचा की विक्रीचा हे मोजायचं एक माप, या एका दिवसातून काय काढतो बगा: क्लोज लोच्या १४ रुपये वर, हायच्या २ रुपये खाली, १४ वजा २ बारा, भागिले दिवसाची रेंज १६, आलं ०.७५. म्हणजे १३ लाखातला पाऊण हिस्सा, पावणेदहा लाख, खरेदीच्या बाजूला धरला. हाच क्लोज ३९० ला आला असता तर तेच पावणेदहा लाख उलट्या बाजूला गेले असते. नुसती व्हॉल्यूमची उंच दांडी बघून उडी मारणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

मग चार्ट उघडून ओबीव्ही, म्हणजे ऑन बॅलन्स व्हॉल्यूमची रेघ बघा. १९६३ मधी जोसेफ ग्रॅनव्हिल या अमेरिकन बाजारतज्ज्ञानं मांडलेला साधा हिशोब, वर क्लोज तर व्हॉल्यूम मिळवा, खाली क्लोज तर वजा करा. समजा दहा-बारा दिवसांपूर्वी ३९८ ला एक तळ झालाय, आज भाव त्याच्याही खाली ३८८ ला जाऊन आला, पण ओबीव्हीनं जुना तळ तोडलाच नाही, तर ते डायव्हर्जन्स, म्हणजे भाव खाली चाललाय पण व्हॉल्यूम त्याच्या संगं जाईना. हे स्कॅनमधी बसवायच्या फंदात मी पडत नाही, दहा नावं असतेत, डोळ्यानं पाच मिनिटांत होतंय.

एनएसईच्या साइटवर संध्याकाळी डिलिव्हरीचे आकडे येतेत, म्हणजे त्याच दिवशी न विकता किती शेअर खरंच खात्यात गेले, तेबी बघा. टक्का त्याच शेअरच्या नेहमीच्या टक्क्याशी ताडा, दुसऱ्या शेअरशी नाही. ट्रेड टू ट्रेड या गटातल्या शेअरला इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, चालतच नाही, तिथं डिलिव्हरी १०० टक्के दिसली म्हणून हुरळू नका.

मी एकदा सहापट व्हॉल्यूम बघून येड्यावानी घेतला होता, नंतर बल्क डीलची, म्हणजे त्या दिवशीच्या मोठ्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांची यादी उघडली तर एकानं मोठा गठ्ठा काढून टाकलेला, आठवड्यात माझे चांगलेच पैसे गेले. तवापासून ती यादी आधी. मार्च आन् सप्टेंबरच्या शेवटी निफ्टीच्या इंडेक्समधी अदलाबदल होते, तेव्हाचा व्हॉल्यूमबी असाच, इंडेक्समधले शेअर जसेच्या तसे धरणाऱ्या इंडेक्स फंडांना घ्यावं-विकावंच लागतंय, त्यातून काही कळत नाही.

घ्यायचा दुसऱ्या दिवशी, ४०४ चा हाय तुटला तरच, समजा ४०५ ला. स्टॉप लॉस, म्हणजे तोटा सोसून बाहेर पडायचा भाव, ३८७. एका शेअरमागं १८ रुपये जोखीम, एका सौद्यात २००० च घालवायची तयारी असंल तर १११ शेअर, जवळपास ४५ हजार लागतेत. हाय दोन-तीन दिवसांत तुटलाच नाही तर नाव काढून टाका.

आणि सगळं मार्केटच कोसळलं त्या दिवशी लिस्टमधी पन्नास-साठ नावं येतेत. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटवून टाकतो.