रेझिनच्या मूर्तीला रंग लावण्यापूर्वी
साच्यातून सहज सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकच्या) मूर्तीच्या सुट्या भागांवर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून भाग आधी कोमट पाण्यात, भांड्यांच्या द्रवसाबणाने, जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण वाळवावेत. मूर्तीची वाकलेली तलवार गरम पाण्यात क्षणभर धरल्यास मऊ पडते. ती सरळ करून लगेच गार पाण्यात बुडवावी. घासकाम ओल्या पॉलिशपेपरनेच करावे, कारण रेझिनची धूळ फुप्फुसांना घातक असते. मास्क तरीही हवाच. जड भाग नुसत्या सुपरग्लूवर टिकत नाहीत, त्यामुळे जोडाच्या दोन्ही बाजूंना १ मिलिमीटरचे भोक पाडून आत पितळी तार बसवावी. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पातळ हात दिला की उरलेल्या फटी आणि बुडबुड्यांची छिद्रे उघडी पडतात; ती पुट्टीने बुजवून मगच ॲक्रिलिक रंग चढवावा. डोळे, माझ्या मते, चेहऱ्याआधी रंगवावेत, म्हणजे चुकलेली कड त्वचेच्या रंगाखाली झाकता येते.