खरोसा लेणी आणि किल्लारी एका दिवसात कसं बघायचं

लातूरहून सकाळी लवकर निघा आणि आधी खरोसा करा, किल्लारी नंतर. टेकडीवर ऊन लई लागतं, सावली म्हणाल तर लेण्यांच्या आतच, त्यामुळं पाणी आणि टॉर्च सोबत हवंच. साधारण सहाव्या शतकातली १२ लेणी आहेत, बुद्ध, नरसिंह, शिवपार्वती सगळे एकाच डोंगरात. मूर्तींना हात लावू नका, पण बाहेरच्या उघड्या कातळावर बोट फिरवून बघा, बारीक बारीक भोकं लागतील. हा जांभा, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगडच, ऊन-पाणी खाऊन खाऊन असा झालेला.

तोच काळा दगड किल्लारीच्या खाली ३३८ मीटर जाड आहे, भूकंपानंतर बोअर घेतला तेव्हा कळलं. ज्वालामुखीमुळं भूकंप झाला का असं बरेच जण विचारतात, तर नाही, लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला जमीन हलली ती खोलवरचा खडक सरकला म्हणून. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली, आणि अंगावर आल्या त्या ह्याच दगडाच्या जाडजूड भिंती.

जुन्या गावात पडक्या भिंती दिसल्या तर नीट बघा. आतून-बाहेरून दगडाचे दोन थर, मधे माती आणि चिपा, दोन्ही थर धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. हलल्यावर थर सुटे झाले आणि वरून माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, माती. जिथं लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांची चौकट, होते तिथं काही ठिकाणी भिंत गेली तरी खण उभे राहिले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग नवीन गावात जा. ५२ गावं पूर्ण उठवून नवीन जागी वसवली, घरं ज्याची जेवढी शेतजमीन त्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० स्क्वेअर फुटांची. दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून फिरलेला काँक्रीटचा पट्टा शोधा, भिंती एकत्र बांधून ठेवतो तो हाच. पुढं लोकांनी स्वतः वाढवलेल्या खोल्यांना हा पट्टा आहे का तेही बघा, आणि आपल्या गावी घर बांधताना गवंड्याला हेच विचारा.

स्मारकाजवळ सेल्फी नको. ३० सप्टेंबरला गेलेल्यांच्या घरचे लोक श्रद्धांजलीला येतात, त्या दिवशी जाणार असाल तर कॅमेरा खिशातच ठेवा. कुणी बोललं तर ऐका, घरातले किती गेले हे आपण होऊन विचारू नका.