मधुमेह आहे? मग पायांच्या रक्तपुरवठ्याला किती धोका आहे ते असं तपासा

आमचे मामा संध्याकाळी देवळाकडे फिरायला निघाले की वाटेतल्या पारावर हमखास टेकत. दोन मिनिटं बसायचे आणि पुन्हा चालू लागायचे. आम्हाला वाटायचं, गप्पांची हौस. प्रत्यक्षात तेवढं चाललं की त्यांची पोटरी भरून यायची आणि थांबल्यावर मोकळी व्हायची. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आतून चरबीने अरुंद झाल्या की असं होतं. मधुमेहात हा आजार जास्त आढळतो, आणि बऱ्याच जणांची पोटरी दुखतसुद्धा नाही, कारण शुगरने नसा आधीच बधिर केलेल्या असतात. म्हणून दुखण्याची वाट बघू नका.

१. आधी फाईल काढा. एका कागदावर लिहा: वय, मधुमेह किती वर्षांपासून, शेवटचं एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा), बीपी, एलडीएल (वाईट) कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लघवीतलं प्रोटीन. पूर्वी हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल तर तेही. वय पन्नाशीपुढे किंवा मधुमेहाला १० वर्षं होऊन गेली, तर धोका वाढलाच म्हणून समजा. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात एचबीएवनसी १ टक्क्याने जास्त असलं की या आजाराचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी, तर बीपीचा वरचा आकडा १० ने जास्त असला की सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शुगरकडे डोळ्यांत तेल घालून बघणारे बीपीची गोळी मात्र आठवण झाली तर घेतात!

२. तंबाखूचं खरं लिहा. पायाच्या धमन्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे विडी-सिगारेट. सोडली असेल तर किती वर्षं ओढली आणि कधी सोडली, हेही लिहा. मिश्री लावणाऱ्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असं सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तीही यादीत हवी.

३. पाय उजेडात बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का? हात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूने बघा. नडगीवरचे केस गेलेत, कातडी तुकतुकीत झाली आहे, बोटांच्या बेचक्यात जखम आहे? तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा.

४. नाडी शोधा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधून पावलावर वर सरका. पावलाच्या मध्यावर हलकेच दोन बोटं ठेवा. जोरात दाबलं तर नाडी हरवते. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे. काही जणांची पावलावरची नाडी जन्मापासूनच लागत नाही, त्यामुळे ती सापडली नाही म्हणून घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांना नक्की सांगा.

५. एबीआय करून घ्या. घोट्याच्या बीपीचा वरचा आकडा भागिले दंडाच्या बीपीचा वरचा आकडा, एवढंच ते गणित. घोट्याला ११२ आणि दंडाला १४० असेल तर ०.८. हा आकडा ०.९ किंवा त्याखाली आला की आजार आहे असं धरतात. मधुमेहींची इथे एक फसगत होते: धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक झाल्या की पट्ट्याने दबतच नाहीत, आणि आकडा १.४ च्या वर जातो. तो ‘उत्तम’ समजून घरी येऊ नका. पायाच्या अंगठ्याचं प्रेशर किंवा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

पाय अचानक पांढरा, गार पडून ठणकू लागला तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. बोट काळं पडलं, जखम चिघळली किंवा रात्री पाय खाटेखाली लोंबकळत सोडल्यावरच बरं वाटत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि तपासणीची तारीख येईपर्यंत गार पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका. सुती मोजे घाला. बधिर पायाला चटका कळत नाही, सकाळी थेट फोडच दिसतो.