आयएनआरसाठी रक्त देताना निळ्या झाकणाची नळी बघा
घरात कुणी वॉरफरिन किंवा एसिट्रोम (रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या) घेत असेल तर पीटी-आयएनआर टेस्ट, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची टेस्ट, नेहमीचीच असते. रक्त काढताना एवढंच बघा की फिकट निळ्या झाकणाची नळी रेघेपर्यंत भरली की नाही. त्या नळीत आधीच सायट्रेटचं पाणी असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, आणि त्याचं माप ठरलेलं आहे, 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट, म्हणजे 3 मिलीच्या नळीत 2.7 मिली रक्त हवंच. शीर सापडत नाही म्हणून अर्धीच नळी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर उगाच वाढलेला दिसतो, म्हणजे रक्त जास्तच पातळ झाल्यासारखं वाटतं, मग गोळी विनाकारण कमी केली जाते, आणि हृदयाची झडप बदललेल्या पेशंटला ते महागात पडू शकतं. त्यामुळे नळी कमी भरली असेल तर "ताई, दुसरी नळी घ्या ना" म्हणायला लाजू नका, चांगली लॅब अशी नळी स्वतःच परत पाठवते. भरल्यावर नळी हलक्या हाताने तीन-चार वेळा उलटसुलट करायची, खसाखसा हलवायची नाही.

उपाशीपोटी जायची गरज नसते. शक्यतो लॅब एकच ठेवा. मेथी-पालकाचा या गोळीच्या असरावर परिणाम होतो, तरी ती बंद करू नका, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच खा. मधे अँटिबायोटिक किंवा पेनकिलर सुरू झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि डोस मात्र रिपोर्ट बघून स्वतःच्या मनाने बदलायचा नाही.