मुंबई ते दुबई: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि रत्नागिरीहून निघायची तारीख

मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर. हा आकडा घरी कागदावर काढता येतो. मुंबई १९.१ अंश उत्तर आणि ७२.९ पूर्व, दुबई २५.३ उत्तर आणि ५५.४ पूर्व. अक्षांशांचा फरक ६.२. एका अंशाचे १११ किलोमीटर, म्हणजे ६८८. रेखांशांचा फरक १७.५, पण उत्तरेकडे जाल तसे रेखांश जवळजवळ येतात, म्हणून या पट्ट्यात अंशाला १०३च धरायचे. ते झाले १,८०३. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. रेखांशांनाही १११ धरलेत तर उत्तर सव्वाशे किलोमीटरने फुगतं. न्यूयॉर्कसारख्या फार लांबच्या शहराला मात्र ही रीत चालत नाही, पृथ्वीच्या गोलाईमुळे चूक फार वाढते.

गोव्यातल्या मोपा विमानतळाहून याच हिशेबाने २,२०० किलोमीटर येतात, म्हणजे उड्डाण वीसेक मिनिटांनी लांबतं. बांदा-सावंतवाडीकडच्यांना ते तरीही परवडतं, पण विमान थेट असेल तरच.

वर गेल्यावर विमानाचा वेग ताशी ८०० ते ८५० किलोमीटर. नुसता भागाकार केला तर २ तास २० मिनिटं येतात, आणि वेळापत्रकात तीन-सव्वातीन तास दिसतात. कारण विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो: धावपट्टीआधीची रांग, चढणं, उतरणं. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना वाचतो. पावसाळ्यात आपल्याकडे नैऋत्येचा वारा झोडपतो तो खालचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर मुंबईच्या बाजूला तेव्हा वारा बऱ्याचदा पूर्वेकडून असतो.

दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून सकाळी १०ला सुटून सव्वातीन तासांनी पोहोचलात, तर तिथे पावणेबारा वाजलेले असतात. परतताना उलटं: रात्री १०ला सुटलेलं विमान २ तास ५० मिनिटांनी उतरतं तेव्हा मुंबईत पहाटेचे २:२० आणि तारीख पुढची. न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला हीच तारीख सांगा आणि सामान हाती येईपर्यंतचा एक तास वर धरा.

सगळ्यात महागात पडते ती मध्यरात्रीनंतरची वेळ. तिकिटावर ‘१६ तारीख, ००:४०’ असेल तर घर १५ तारखेला सोडायचं. १६च्या रात्री पोहोचणाऱ्याचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. हिशेब मागून करा. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १५ला रात्री ९:४०. बहुतेक कंपन्यांचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, त्यामुळे या तीन तासांना कात्री लावू नका. रत्नागिरी ते सहार (मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ) रस्त्याने ३४० किलोमीटरच्या आसपास, त्याला आठ तास आणि पनवेलपुढच्या गर्दीसाठी आणखी एक. म्हणजे १५ला दुपारी साडेबाराला गाडी हललेली हवी.

रेल्वेने पनवेल गाठणार असाल तर पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, ते पाहूनच तिकीट काढा. गौरी-गणपती विसर्जनानंतर मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांनी महामार्ग तुंबतो. त्या दोन-तीन दिवसांत विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जा.