जपानी काराओकेत पहिलं गाणं कुठलं घ्यावं? नवख्या पुरुष गळ्यासाठी

काराओकेच्या खोलीत नवखा पुरुष गायक बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो. कडवं सुरळीत जातं, मग ध्रुवपद येतं (जपानीत त्याला 'साबि' म्हणतात), चाल एकदम वर उडी घेते आणि आवाज फाटतो. दोष गळ्याचा नसतो, निवडीचा असतो. अलीकडची गाजलेली पुरुष गायकांची जे-पॉप (जपानी पॉप) गाणी फार उंच बांधलेली आहेत. ती ऐकायला सोपी वाटतात, कारण मूळ गायक ती सहज गातो.

म्हणून आवडीच्या गाण्यापासून नव्हे, स्वतःच्या गळ्यापासून सुरुवात करा. मोबाइलवर कीबोर्डचं कुठलंही अ‍ॅप घ्या, फक्त पट्ट्यांवर सी3, सी4 अशी नावं दिसायला हवीत (अक्षर सुराचं, आकडा सप्तकाचा). घरातल्या पेटीवर मोजू नका. तिच्यात खर्ज आणि नर असे दोन सूर एका पट्टीतून एकदम निघतात आणि सप्तक हमखास चुकतं. सी3 पासून आकार लावून एकेक पट्टी वर चढा, काळ्यासुद्धा सोडू नका. हनुवटी न उचलता, चार सेकंद, सलग तीनदा लागतो तो तुमचा वरचा सूर. त्यातून दोन पट्ट्या कमी धरा, कारण चौथ्या-पाचव्या गाण्याला गळा थकलेला असतो. मग खाली उतरा आणि बोलण्याइतका स्पष्ट ऐकू येणारा शेवटचा सूर टिपा. न शिकलेल्या पुरुषाचा आरामाचा पल्ला साधारण बी2 ते ई4 निघतो. काहींचा एफ4 पर्यंत जातो.

आता गाण्याचा पल्ला बघा. जपानी संकेतस्थळांवर गाण्याच्या नावापुढे 'साइकोओन' (सर्वांत वरचा सूर) आणि 'साइतेइओन' (सर्वांत खालचा) असं शोधलं की बहुतेक गाजलेल्या गाण्यांचे आकडे मिळतात. तिथली खूण वेगळी असते: 'मिड1-सी' म्हणजे सी3, 'मिड2-सी' म्हणजे सी4, आणि 'हाय-ए' म्हणजे ए4. 'हाय' शब्द दिसला की ते गाणं मूळ पट्टीत नवख्यासाठी नाही असं समजावं.

'पट्टी खाली घेतली की झालं' हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच खरा आहे. समजा एखादं गाणं सी3 ते ए4 आहे, म्हणजे 21 पट्ट्यांची रुंदी. तुमचा पल्ला बी2 ते ई4, म्हणजे 17. वरचा ए4 तुमच्या ई4 वर आणायला गाणं पाच पट्ट्या खाली घ्यावं लागेल. तेव्हा खालचा सी3 जी2 वर जाऊन बसतो आणि कडव्यात तुमचा आवाज संगीताखाली बुडतो. उंच गाणं खाली आणता येतं, पण रुंद गाणं कितीही हलवलं तरी रुंदच राहतं. नवख्याने 16 पट्ट्यांच्या आतलं गाणं निवडावं, मग ते मूळ उंच असलं तरी चालेल.

प्रत्यक्षात पट्टी बदलणं सोपं आहे. जपानात दोन यंत्रं सर्वत्र दिसतात: दाम आणि जॉयसाउंड. दामच्या टॅबलेटला 'देन्मोकु' म्हणतात, जॉयसाउंडच्या टॅबलेटला 'क्योकुनाबि'. दोन्हींवर 'की' लिहिलेली अधिक-उणे बटणं असतात आणि एका दाबाला एक पट्टी सरकते. 'गेन्क्योकु की' दाबलं की मूळ पट्टी परत येते. आकडा घरीच ठरवून मोबाइलमध्ये गाण्याच्या नावापुढे लिहून ठेवा. गाणं चालू असताना पट्टी बदलली की कानाचा आधार सुटतो आणि पुढच्या दोन ओळी बेसूर जातात.

पहिल्या गाण्यासाठी साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते अरुकोओ' (1961) घ्या, असं आम्ही निःशंक सांगू. हेच गाणं 'सुकियाकी' नावाने 1963 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. वेग चालण्याचा आहे, सगळं तीनेक मिनिटांत संपतं, आणि मध्ये शिट्टीचा तुकडा आहे तिथे श्वास घेता येतो. मराठी कानाला यात आणखी एक सोय आहे. सुरुवातीच्या ओळी ज्या 'योनानुकि' सुरावटीत आहेत तिच्यात चौथा आणि सातवा स्वर गाळलेला असतो. उरतात ते सा, रे, ग, प, ध, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. शाळेत भूपातली प्रार्थना म्हटलेल्या माणसाला ही चाल दोनदा ऐकून बसते. साकामोतो स्वर तोडून, उचकी दिल्यासारखा गातो. त्याची नक्कल करू नका, सरळ म्हणा.

दुसरं, स्मॅपचं 'सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना' (2003). हे पाचजणांनी मिळून गायलेलं असल्यामुळे यात एकट्याच्या हरकती जवळजवळ नाहीत, आणि जपानी सहकारी सोबत असले तर तेही गाऊ लागतात. बिगिनचं 'शिमान्चु नु ताकारा' (2002) ओकिनावाच्या बोलीतले काही शब्द असूनही संथ आणि मोकळं आहे. मधल्या 'ईयासासा' या हाका बाकीचे देतात, तेवढ्यात दम खाता येतो. ज्यांचा आवाज मुळातच खालचा आहे त्यांनी नागाबुचि त्सुयोशिचं 'कान्पाइ' पाहावं. लग्नात म्हटलं जाणारं हे गाणं कंपनीच्या मेजवानीतही शोभतं. ब्लू हार्ट्सचं 'लिंदा लिंदा' (1987) शब्दांना फार सोपं आहे, पण ते ओरडून म्हणायचं असतं, त्यामुळे शेवटी ठेवा. त्यानंतर गळ्यात काही उरत नाही.

टाळायची गाणीही तितकीच महत्त्वाची. मोरियामा नाओतारोचं 'साकुरा (दोकुशो)' संथ असल्यामुळे फसवतं, कारण त्यात ध्रुवपदाला खोटा आवाज (फॉल्सेटो) लावावा लागतो. किंग न्यूचं 'हाकुजित्सु' पहिल्याच ओळीपासून खोट्या आवाजात आहे. ऑफिशियल हिगेदान्दिज्मचं 'प्रिटेंडर' ए4 च्याही वर जातं. ही तिन्ही गाणी सुंदर आहेत, पण पहिल्या वर्षात हात लावण्यासारखी नाहीत.

गायिकांची गाणी निषिद्ध नाहीत. एक सप्तक खाली गायलं की सी5 चा सी4 होतो, पण कडव्यातला जी3 जी2 होऊन बुडतो. अशा वेळी पट्टी खाली नव्हे, वर घ्यायची: अधिक तीन किंवा चार.

आता शब्द. पडद्यावर कांजीवर (चिनी चित्राक्षरांवर) बारीक हिरागाना (उच्चार दाखवणारी अक्षरं) असतो आणि म्हणायची वेळ आली की अक्षरांचा रंग बदलत जातो. पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा देऊन आलेल्यालाही त्या वेगात वाचणं जमत नाही, त्यामुळे बोल देवनागरीत लिहून पाठच करा. जपानीत प्रत्येक उच्चार-अक्षराला ('काना'ला) एक मात्रा, आणि सुटा 'न्' किंवा जोडाक्षराआधीचा थांबाही स्वतंत्र मात्रा: का-न्-पा-इ चार, कि-त्-तो तीन. मराठी माणसाची चूक ठरलेली असते. शब्दाच्या शेवटचा इ-उ आपण सवयीने दीर्घ म्हणतो. से-का-इ-नि-हि-तो-त्सु या सात मात्रा आहेत. 'नि' चा 'नी' आणि 'त्सु' चा 'त्सू' झाला की नऊ होतात, गाणारा मागे पडतो आणि मग ओळ घाईने गिळतो. एका अक्षराला एक टाळी देत, चाल न लावता, दहा वेळा म्हणा. 'त्सु' चा उच्चार 'चूल' मधल्या च चा आहे, 'झु' चा 'जुना' मधल्या ज चा. हे दोन्ही आपल्याला फुकट मिळालेले आहेत.

खोलीत गेल्यावर संगीताचा आवाज थोडा कमी करा आणि एको निम्म्यावर आणा. जास्त एकोत स्वतःचा सूर कळत नाही. माइक तोंडापासून दोन-तीन बोटं, जाळी मुठीत धरायची नाही, आणि स्पीकरकडे वळवला तर शिट्टी वाजते. 'गाइड मेलोडी' वाढवून ठेवा, मागे चाल ऐकू येत राहते. गुणांकन पहिल्या दिवशी बंद. त्याआधी जमलं तर एकट्याने तासभर जाऊन या. जपानात त्याला 'हितोकारा' म्हणतात आणि एकट्याने खोली घेण्यात काही विशेष मानलं जात नाही. त्या तासात तीनच गाणी, प्रत्येक गाणं मूळ पट्टीत, मग उणे दोन, मग उणे चार अशा तीन पट्ट्यांत म्हणून बघा. ज्या पट्टीत ध्रुवपदही टिकतं आणि कडवंही ऐकू येतं ती लिहून ठेवा. तरीही ऐनवेळी गाणं हातातून सुटलंच तर टॅबलेटवर 'एन्सो चूशि' नावाचं बटण आहे. ते दाबलं की गाणं थांबतं आणि यादीतलं पुढचं सुरू होतं.